‘एका वर्षाने यावे’

गेल्या पौषात आमचे एक बालमित्र अमेरिकेहून बडोद्यास आले होते. दांडिया बाजारातील एकाच वाड्यात आम्ही लहानाचे मोठे झालो आणि कलाभवनात एकाच बाकावर बसून अभियांत्रिकी शिकलो. १९७३ साली ते न्यू जर्सीस गेले, आम्ही येथेच राहिलो. तीन-चार वर्षांनी त्यांची फेरी होई, आणि आले की आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा जिना ते दोन-दोन पायऱ्या गाळून चढत. या खेपेस मात्र ते मध्येच थांबले. कठड्याला हात टेकून थोडा वेळ उभे राहिले आणि वर पाहून हसत म्हणाले, “जरा दम घेऊ दे. माझाही वरचा मजला काढून टाकला आहे.”

त्यांच्या डाव्या फुफ्फुसाचा वरचा खंड २०२१ साली शस्त्रक्रियेने काढावा लागला होता. पत्रातून ही बातमी आम्हांस कळली होती. पण पत्रातले वाक्य आणि जिन्यात थांबलेला मित्र यांत अंतर असते. त्या संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी सारी हकीकत सांगितली. त्यांच्या संमतीने, त्यांचे नाव न घेता, ती आम्ही येथे देत आहो. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले, भाऊ, मेहुणे परदेशी आहेत. अनेकांच्या स्वतःच्याच बोटांना विडी-सिगारेटची ओळख आहे. त्या सर्वांस ती उपयोगी पडावी.

दोन वाक्यांचे पत्र

आमचे मित्र पस्तीस वर्षे दररोज सिगारेटचे एक पाकीट ओढीत. २००८ साली नात झाली आणि तिला मांडीवर घ्यायचे म्हणून त्यांनी ती सवय सोडली. पुढे दहा वर्षांनी, २०१८ साली, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सुचविले, की इतकी वर्षे धूम्रपान केलेल्या माणसाने फुफ्फुसांचा कमी मात्रेचा सी. टी. स्कॅन करून घेणे शहाणपणाचे. मित्रांना खोकला नव्हता, दम लागत नव्हता, वजन घटले नव्हते. “काही होत नसतानाच ही तपासणी करायची असते,” असे डॉक्टर म्हणाले. सुई नाही, उपास नाही, औषध नाही. मेजावर पडून काही क्षण श्वास रोखून धरायचा, इतकेच. आठवड्याने पत्र आले. त्यात मुख्य वाक्ये दोनच होती. एक, सध्या काळजीचे कारण दिसत नाही. दुसरे, एका वर्षाने यावे.

“मी पहिले वाक्य वाचले,” मित्र म्हणाले, “आणि ते इतके आवडले, की दुसरे वाचलेच नाही.”

२०१९ साली ते मुलाजवळ राहावयास दुसऱ्या गावी गेले. डॉक्टर बदलले. स्मरणपत्र जुन्या पत्त्यावर गेले आणि तेथेच राहिले. २०२० साली कोरोनाची साथ आली. तेव्हा रुग्णालयांनीच अशा तपासण्या काही काळ पुढे ढकलल्या. २०२१ च्या वसंतात जुन्या रुग्णालयातील एका परिचारिकेने मुलाच्या घरचा क्रमांक शोधून दूरध्वनी केला. तो वहिनींनी घेतला. “सांग तिला, मी ठणठणीत आहे,” असा आतून आवाज आला. परिचारिकेने आठवड्याने पुन्हा विचारले. तिसऱ्या खेपेस तिने वहिनींना इतकेच विचारले, की येण्यात त्यांना अडचण कसली वाटते? वहिनी म्हणाल्या, “अडचण काही नाही. ते घाबरतात.”

पन्नास वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनी प्रथमच मोठ्याने उच्चारली होती. मित्र शेजारच्या खोलीतून ऐकत होते. “तिने मला सिगारेटबद्दल एक शब्द ऐकवला नाही,” ते आम्हांस म्हणाले. “मुलाला सुट्टी असेल तो वार विचारला आणि वेळ ठरवून टाकली.”

त्या स्कॅनमध्ये डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडात सुमारे पंधरा मिलिमीटरची गाठ दिसली. २०१८ च्या चित्रात त्या जागी काही नव्हते. शस्त्रक्रिया झाली, जवळच्या एका लसिकाग्रंथीतही रोगाचा अंश सापडला, म्हणून औषधांच्या चार फेऱ्या घ्याव्या लागल्या. आज ते चालतात, बोलतात, बडोद्यास येतात. परंतु एक प्रश्न त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारला होता, तो ते अजून मनात घोळवितात: “२०१९ साली आलो असतो, तर नुसत्या शस्त्रक्रियेवर भागले असते काय?” डॉक्टरांनी सरळ उत्तर दिले, की ते आता कोणासच सांगता येणार नाही.

दर वर्षी का?

ही तपासणी एकदाच करून का भागत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. सिगारेट ओढलेल्या माणसाच्या फुफ्फुसांत बारीक ठिपके, जुने व्रण, निरुपद्रवी गाठी पुष्कळदा असतात. त्यांतला कोणता वाईट, हे एका चित्रावरून नेहमी सांगता येत नाही. ते सांगते त्याची वाढ. गेल्या वर्षी पाच मिलिमीटरचा असलेला ठिपका यंदाही पाचच असेल, तर वैद्य निर्धास्त होतो. तो आठाचा झाला असेल, तर सावध होतो. दुसरे असे, की आज स्वच्छ असलेल्या जागी पुढल्या वर्षी नवी गाठ उगवू शकते. आमच्या मित्रांचे तेच झाले.

याचा पुरावा अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात मिळतो. २००२ साली सुरू झालेल्या या प्रयोगात दीर्घकाळ धूम्रपान केलेले, ५५ ते ७४ वर्षे वयाचे ५३,४५४ स्त्री-पुरुष सहभागी झाले. निम्म्यांचा दर वर्षी कमी मात्रेचा सी. टी. स्कॅन आणि निम्म्यांचा छातीचा साधा क्ष-किरण फोटो, असे तीन वर्षे चालले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्कॅनच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी भरले. पण आम्हांस याहून बोलका वाटला तो आतला आकडा. संशयास्पद स्कॅनवरून पुढे कर्करोगाचे निश्चित निदान झालेले रुग्ण ६४९ होते. त्यांपैकी पहिल्या वर्षी सापडले २७०, दुसऱ्या वर्षी १६८ आणि तिसऱ्या वर्षी २११. म्हणजे पहिल्या स्कॅननंतर सारे घरी बसले असते, तर ३७९ जणांचा रोग त्या तपासणीत सापडलाच नसता.

त्या प्रयोगात ठरल्या वर्षी ठरल्याप्रमाणे येणाऱ्यांचे प्रमाण ९५ टक्के होते. कारण त्यांच्या मागे माणसे, पत्रे, दूरध्वनी सारे लागलेले असे. प्रयोगाबाहेरच्या जगात चित्र निराळे निघाले. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या अनुभवांचा जो एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात पुढल्या तपासणीस वेळेवर येणारे सरासरी ५५ टक्क्यांच्या आसपासच आढळले. यंत्र तेच, गाठी त्याच. परत येणारी माणसे मात्र निम्म्यावर आली.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. “आम्ही दर वर्षी छातीचा फोटो काढतो,” असे पुष्कळजण सांगतात. साध्या क्ष-किरण फोटोने हे काम होत नाही. अमेरिकेतच दीड लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात दरसाल छातीचा फोटो काढूनही फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०११ मध्येच दिसून आले.

स्कॅनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या पहिल्या प्रयोगात स्कॅनवर संशय आलेल्या दर शंभरांतील सुमारे शहाण्णव वेळा तो संशय अखेर खोटा ठरला. बहुतेक वेळी काही महिन्यांनी दुसरा स्कॅन काढून शंका फिटते; क्वचित सुई घालून तुकडा काढावा लागतो. यंत्राचे किरण थोडे का होईना अंगावर पडतात. त्या प्रयोगातील एका स्कॅनची मात्रा सरासरी दीड मिलिसीव्हर्ट होती; पृथ्वीवर राहिल्याने वर्षभरात आपणांस नैसर्गिकरीत्याच सुमारे अडीच मिळते. म्हणून ही तपासणी सरसकट सर्वांसाठी नाही. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०२१ साली घातलेली मर्यादा अशी: वय ५० ते ८०, दररोज एक पाकीट अशी निदान वीस वर्षे, किंवा दररोज दोन अशी दहा, इतके धूम्रपान झालेले, आणि सिगारेट चालू असलेली अथवा सोडून पंधरा वर्षे न झालेली.

माणसे परत का येत नाहीत?

आळस हे उत्तर सोपे आहे, पण ते अपुरे आहे. पहिले कारण आमच्या मित्रांनी सांगितलेच: स्वच्छ अहवाल हा निकाल वाटतो, तो त्या दिवसापुरता आहे हे ध्यानात येत नाही. दुसरे कारण उलट प्रकारचे. ‘एक ठिपका दिसतो, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ असे पत्र आले, की माणूस त्याचा अर्थ आपल्या परीने लावतो आणि धास्तीने पाऊल मागे घेतो. संशय बहुतेक वेळा खोटा ठरतो, हे त्यास आधीच सांगितलेले असेल तर ते पत्र इतके जड होत नाही.

तिसरे कारण लाजेचे. हृदयविकार झालेल्या माणसास लोक ‘कसे आहात’ असे विचारतात; फुफ्फुसाचा रोग झालेल्यास ‘ओढत होतात का’ असे विचारतात. रुग्णालयाची पायरी चढताना त्यास आरोपीच्या पिंजऱ्यात चढल्यासारखे वाटते. ज्याने अजून सिगारेट सोडलेली नाही, त्यास तर अधिकच. वास्तविक त्यालाच या तपासणीची गरज मोठी, आणि सोडण्यासाठी मदतीचा हातही तेथेच मिळू शकतो. चौथे कारण साधे व्यवहाराचे: अंतर, रजा, खर्च, घेऊन जाणारे कोणी नसणे, पत्ता बदलणे.

ही कारणे ओळखून जेथे काम झाले, तेथे फळ दिसले. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात २०१६ साली गरीब वस्त्यांतील लोकांना रुग्णालयात बोलावण्याऐवजी यंत्रच मोठ्या गाडीत घालून बाजाराच्या वाहनतळावर नेले. मंडईतून पिशवी घेऊन निघालेला माणूस तेथेच तपासून घरी जाई. १,३८४ जणांचे स्कॅन झाले. ४२ जणांस कर्करोग निघाला, म्हणजे तेहेतिसांत एकास, आणि त्यांतील पाचांपैकी चार रोग आरंभीच्या अवस्थेत होते. पुढल्या वर्षी बोलावणे गेले तेव्हा दहांपैकी नऊजण परत आले. ‘गरीब माणूस आपल्या प्रकृतीची पर्वा करीत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. अशा अनुभवांवरूनच २०२३ साली ब्रिटिश सरकारने ५५ ते ७४ वयाच्या, धूम्रपान केलेल्या लोकांसाठी हा कार्यक्रम साऱ्या इंग्लंडभर नेण्याचे जाहीर केले. तेथे स्कॅन दर दोन वर्षांनी होतो.

दुसरा धडा न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला, आणि तो स्तनाच्या कर्करोगाचा. तेथील शल्यचिकित्सक डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांना दिसले, की गरीब स्त्रिया रोग फार वाढल्यावर येतात, आणि संशय आल्यावरही पुढल्या दारापर्यंत पोहोचत नाहीत. १९९० साली त्यांनी अशा रुग्णांसोबत एकेक माणूस नेमला. औषध देणे हे त्याचे काम नव्हे. कोणत्या खिडकीशी जायचे, कोणता कागद भरायचा, मुलांना कोण सांभाळील, पुढली तारीख कोणती, हे पाहायचे. आपल्या भाषेत अशा माणसास वाटाड्या म्हणतात. आमच्या मित्रांना तीन वेळा दूरध्वनी करणारी परिचारिका ही त्याच परंपरेतली.

आपल्या घरचा वाटाड्या

रुग्णालयाने वाटाड्या दिला तर उत्तमच. पण खरा वाटाड्या घरात असतो, आणि आपल्या घरांना हे काम नवे नाही. आजोबांच्या श्राद्धाची तिथी, कुळधर्म, बोडण, यांतले काही आपण विसरत नाही. बडोद्यात राहा, इंदुरात राहा की न्यू जर्सीत, घरातले कोणी तरी एक माणूस पंचांग पाहून महिनाभर आधी आठवण देते. ते काम एकाचे असते म्हणूनच ते होते. तपासणीची तारीख मात्र ‘ज्याची त्याने पाहावी’ अशी सोडलेली असते, आणि ज्याची असते तो तर ती विसरावयासच बसलेला असतो.

तेव्हा घरात एकाने ही जबाबदारी उघडपणे घ्यावी. रुग्णालयातून निघण्यापूर्वीच पुढली वेळ ठरवून घ्यावी. पत्ता किंवा दूरध्वनी बदलला, की सर्वांत आधी तेथे कळवावे, आणि आपल्याबरोबर मुलाचा अथवा सुनेचाही क्रमांक नोंदवावा. प्रत्येक स्कॅनची चित्रे आणि अहवाल एका पिशवीत तारीखवार ठेवावेत. डॉक्टर बदलले तरी पिशवी बदलू नये, कारण सारी किंमत जुन्या-नव्या चित्रांच्या तुलनेत आहे. तपासणीस जाताना सोबत जावे. आणि त्या दिवशी तरी सिगारेटवरून बोलणी ऐकवू नयेत. सोडावयास लावायचेच असेल, तर तेथल्याच डॉक्टरांची मदत मागावी. स्कॅन स्वच्छ आला म्हणून ओढावयास मोकळीक मिळत नाही, हे मात्र प्रेमाने सांगावे.

केव्हा थांबावे, हेही डॉक्टरांशी बोलून ठरवावे. वय फार झाले, किंवा दुसऱ्या आजाराने शरीर इतके थकले की शस्त्रक्रिया झेपणारच नाही, तर दरसालची तपासणी बंद करणे योग्य ठरते. विचार करून थांबणे निराळे आणि विसरून थांबणे निराळे.

परदेशी राहणाऱ्या आप्तांस हा लेख वाचून दाखवावा. अमेरिकेतील वृद्धांचा सरकारी विमा २०१५ पासून ठरलेल्या अटींत बसणाऱ्यांचा हा खर्च देतो. मुलांकडे पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांस ही सवलत सहसा नसते, हे आधीच विचारून घ्यावे.

आणि येथे?

आपल्या देशात फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी अशी राष्ट्रीय तपासणी नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील लोकांसाठी तोंडाच्या, आणि स्त्रियांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा. फुफ्फुसांच्या बाबतीत आपली अडचण निराळी आहे. क्षयरोग होऊन गेलेल्या असंख्य लोकांच्या छातीत जुने व्रण असतात. स्कॅनमध्ये ते संशयास्पद दिसून विनाकारण धावपळ होऊ शकते. म्हणून हा लेख वाचून कोणी आपण होऊन स्कॅन करावयास धावू नये. वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढली असेल, तर छातीच्या रोगांच्या डॉक्टरांस एकदा सविस्तर सांगून सल्ला घ्यावा.

परंतु एक प्रसंग आपल्या घरांतही नित्य येतो. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या फोटोत किंवा स्कॅनमध्ये ‘एक डाग आहे, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा’ असे डॉक्टर सांगतात. खोकला बरा होतो, कागद कपाटात जातो, आणि तीन महिन्यांची तीन वर्षे होतात. ते दुसरे वाक्य येथेही तितकेच महत्त्वाचे आहे. उलटही घडते: कर्करोगाची सावली क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाचीच औषधे चालतात. औषध घेऊनही उतार नसेल, तर गप्प न बसता पुन्हा विचारावे. आणि तीन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीत रक्त, कारणावाचून घटणारे वजन यांपैकी काही असेल, तर तो वार्षिक तपासणीचा विषयच नव्हे. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

मित्र परत निघाले त्या दिवशी आम्ही त्यांना पोहोचवावयास गेलो. वहिनींनी येथून घेतलेले नव्या वर्षाचे कालनिर्णय पिशवीत गुंडाळून ठेवले होते. न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात ते लागते. मित्रांची आता उपचारानंतरची देखरेख चालू आहे. तिच्याही ठरलेल्या तारखा आहेत. आम्ही सहज ते उघडून पाहिले. दिनांकांच्या चौकोनांत तांबड्या शाईने बारीक खुणा होत्या: सासूबाईंचे श्राद्ध, नातीचा वाढदिवस, आणि त्यांच्यामध्येच एका मंगळवारी, ‘स्कॅन, सकाळी नऊ’.

“हिने लिहून ठेवले आहे,” मित्र म्हणाले, “म्हणजे आता टळायचे नाही.” जिना उतरताना ते एकदाच थांबले.